ज्वारीपासून हरभऱ्यापर्यंत

त्या हिवाळ्यात दादाच्या द्राक्षबागेवर येणारी मजूर बायकांची टोळी मी पाच दिवस उशिरा बोलावली. दादाला न विचारता. कारण मला तळ्यात बोटीत बसायचं होतं.

चूक अशी तीन वाक्यांत लिहिली की बरीच आटोपशीर दिसते. प्रत्यक्षात ती तशी नव्हती. प्रत्यक्षात तिच्यात आई होती, दादा-वहिनी होते, माझी बायको मेधा होती, तेव्हा पाचवीत असलेली आमची सई होती, सात सीटांची नवी गाडी होती आणि अडीच एकर द्राक्षं होती.

यंदाही डिसेंबर लागला आणि आमच्या म्हसरूळच्या घरापुढून जीपा खाली उतरायला लागल्या. दूधवाला येऊन गेला की मी चहा घेऊन गॅलरीत उभा राहतो. डोक्यावर माकडटोपी असते, कारण त्या जागी आता केसांचा आडोसा उरलेला नाही. जीपच्या टपावर गोधड्यांची गाठोडी, काळी पडलेली पातेली, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाची पोती, एखाद्या टोपलीखाली कोंबडी. आत दाटीवाटीनं बायका, कानांवरून पदर घट्ट ओढलेल्या. सुरगाण्याकडचा भात निघाला, नागली घरात आली, की ही माणसं द्राक्षाच्या कामाला खाली येतात. मला हे पुस्तकातून माहीत होतंच. मी शाळेत भूगोल शिकवतो. 'हंगामी स्थलांतर म्हणजे काय ते सोदाहरण सांगा' हा प्रश्न दोन गुणांना असतो, आणि मी आजवर पुष्कळ मुलांना त्यात दीड गुण दिला आहे. अर्धा कापला, उदाहरण नीट नाही म्हणून.

जीप दिसेनाशी झाली की मेधा आतून विचारते, "आज कुणाला फोनबिन करणार नाही ना?"

दर डिसेंबरला, न चुकता. आमच्या लग्नाचा वाढदिवस ती एकदा विसरली होती, पण हे नाही.

पिंपळगाव बसवंतपासून चार-पाच मैलांवर आमचं गाव. वडील गेल्यावर बाग दादाकडे आली आणि नोकरी माझ्याकडे. वाटणी योग्यच झाली. उलट झाली असती तर दोन्ही बुडालं असतं.

द्राक्षाचा हिवाळा लोकांना फेब्रुवारीत दिसतो, हातगाडीवर. खरा हिवाळा त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. ऑक्टोबरात वेल छाटायचे, मग फुलोरा, मग घड. घडात मणी इतके दाट येतात की तसेच वाढू दिले तर एकमेकांना चेपून फुटतात. म्हणून मणी ज्वारीएवढे असतानाच बारीक कात्रीनं त्यांतले निम्मेअधिक काढून टाकायचे. ही विरळणी. ज्वारीएवढा मणी हरभऱ्याएवढा होईपर्यंत आठवडाभर मिळतो, थंडी चांगली असली तर आणखी दोन-तीन दिवस. तेवढ्यात सगळ्या बागेवरून हात फिरला पाहिजे. हरभऱ्याएवढा झाला की घडात कात्रीचं टोक शिरत नाही. वर्षभराची बाग त्या आठ-दहा दिवसांत ठरते. मी त्याच गावात वाढलो, मला हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि त्याचा उपयोग होणं ह्यांत माझ्या बाबतीत नेहमीच बरंच अंतर राहिलं आहे.

दादाकडे विरळणीला यमुनाबाईंची टोळी यायची. सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका पाड्यावरच्या बारा-तेरा जणी. यमुनाबाई पन्नाशीच्या, अंगानं काटक. घड त्या कधी मुठीत धरत नसत. देठाखाली एक बोट लावून जरासा उचलायच्या, एकदा बघायच्या, आणि कात्री चालू. कुठला मणी राहणार आणि कुठला जाणार हे त्या एका नजरेत ठरलेलं असे. मी एकदा विचारलं होतं, "कसं कळतं हो?" त्या म्हणाल्या, "त्येच सांगतात." बी.एड.ला आम्हाला असलं काही शिकवलं नव्हतं.

त्यांचं येणं दादाच्या एका फोनवर ठरे. अमुक दिवशी गाडी येईल, एवढाच निरोप. तिकडची रीत अशी, की टोळी घरी बसलेली असेल तर ज्याची गाडी आधी दारात लागेल त्याच्या कामाला जाते. त्यात कुणी रागवायचं नाही. म्हणून दिवस जवळचा सांगायचा आणि गाडी त्याच दिवशी पोहोचवायची.

त्या गुरुवारी मी गावी गेलो होतो. दादा फवारणी करून आलेला, अंगाला गंधकाचा वास.

"मास्तर, तुझ्या फोनवरून यमुनाबाईला सांग, सोमवारी गाडी येती म्हणून. माझ्या हाताला औषध हाय."

दादा मला मास्तर म्हणतो. त्यात आदर किती हे मी मोजायला जात नाही.

फोन घेऊन मी गच्चीवर गेलो. आता ह्या गच्चीच्या आधी अर्धा तास काय झालं होतं ते सांगायला हवं. स्वयंपाकघरात मेधा वहिनीला आमचा बेत सांगत होती : शनिवारी निघायचं, वणीवरून वर, डोंगरातल्या तळ्याकाठी दोन रात्री, सोमवारी परत. आई आमच्याबरोबर येणारच होती. वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊन या. फोटो पाठवा आम्हाला." लग्नाला बावीस वर्षं झाली होती तिच्या. त्यातल्या एकाही हिवाळ्यात ती घराबाहेर रात्र राहिली नव्हती, कारण हिवाळा बागेचा.

ते 'फोटो पाठवा' माझ्या डोक्यात बसलं. हेतू चांगला होता. माझ्या सगळ्याच चुकांचे हेतू चांगले असतात, म्हणून तर त्या दुरुस्त होत नाहीत. शिवाय नव्या गाडीच्या तीन सीटा रिकाम्या जाणार होत्या, आणि बोटीत दादाला बसवून त्याचा चेहरा बघायची मला लहानपणापासूनची इच्छा होती. विहिरीत पोहायला त्यानं मला ढकलून शिकवलं होतं.

"यमुनाबाई, शनिवारी गाडी येईल बरं का," मी फोनवर म्हणालो.

"परवाच्या?"

"नाही, पुढच्या."

"पुढल्या?" पलीकडे वारं घोंघावत होतं. रेंजसाठी त्या टेकाडावर येऊन उभ्या असत. "मनी थांबंल का तवर?"

"दादानंच सांगितलंय."

मग खाली आलो. "दादा, त्या पुढच्या शनिवारी येतो म्हणाल्या. आधी जमत नाही म्हणे."

जिना चढून एक खोटं, उतरून दुसरं. मधल्या पायऱ्यांवर मी अगदी प्रामाणिक होतो.

दादानं बोटांवर दिवस मोजले. पुन्हा मोजले. "लांब गेला शनवार," तो म्हणाला. "पण थंडी हाय. मणी सावकाश फुगंल. बसंल कसंतरी." मग वहिनीकडे न बघता म्हणाला, "तवर हितं नुसतं बसून तरी काय करायचं."

वहिनी त्या संध्याकाळी पिंपळगावला जाऊन स्वेटर घेऊन आली.

आता आठवतं तेव्हा तो प्रवास मला सलग आठवत नाही. वणीच्या अलीकडचं धरण आठवतं. सकाळच्या उन्हात सगळ्या पाण्यावरून वाफ उठत होती, आणि पलीकडचे डोंगर कमरेपर्यंत नव्हतेच. गडाला आईनं गाडीतूनच हात जोडले आणि म्हणाली, "येताना वर येते गं." देवीला तारीख न देण्याइतकी ती माझ्यापेक्षा शहाणी. तिच्या पायांशी घरच्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन होता. डोंगरातलं पाणी बाधतं, असं तिचं म्हणणं. म्हणजे आम्ही दोन तळी आणि तीन धरणं बघायला चाललो होतो, घरचं पाणी घेऊन.

आणि दादाची काच आठवते. दर दहा मिनिटांनी तो काच खाली करून हात बाहेर काढायचा.

"अहो, माणसं गारठली मागं," वहिनी म्हणायची.

"गारठू दे. लय भारी थंडी हाय."

आम्ही सगळे शाली ओढून बसलेलो, आणि हा एकटा माणूस थंडी वाढली की खूश. थंडी म्हणजे त्याला मिळालेली मुदत होती. सईनं त्याला विचारलं, "काका, तुम्हाला थंडी इतकी का आवडते?" तो म्हणाला, "मला नाय आवडत. मण्याला आवडती."

घाटात समोरून जीपा उतरत होत्या. रस्ता अरुंद, एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं जायचं. मी नवा चालक असल्यानं बहुधा मीच थांबायचो. जीप अगदी खेटून जायची. तेवढ्या क्षणात आतल्या बायका आमच्याकडे बघायच्या आणि आम्ही त्यांच्याकडे. ते थंडीसाठी डोंगर सोडून खाली चाललेले, आम्ही थंडीसाठी डोंगर चढून वर. त्यांच्या टपावर महिना-दोन महिन्यांचा संसार, आमच्या टपावर सईची पोहायची रबरी ट्यूब. कुणाचं हसू येत होतं कुणाला, सांगता येत नाही. आमच्या काचा लावलेल्या होत्या. दादा मात्र प्रत्येक जीपमध्ये वाकून बघत होता, ओळखीचं कुणी दिसतं का म्हणून, आणि तो असा वाकला की मी उगाचच हॉर्न वाजवत होतो.

बोरगावला रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी मांडलेल्या. दादानं एक हातात घेऊन उलटीपालटी केली, विकणाऱ्या बाईला तीन प्रश्न विचारले, खाल्ली, आणि म्हणाला, "दिसायला बरी." दुसऱ्याच्या पिकाबद्दल ह्यापेक्षा जास्त स्तुती मी त्याच्या तोंडून ऐकलेली नाही.

तळ्याकाठच्या खोलीत पोहोचल्यावर वहिनी खिडकीशी उभी राहिली ती बराच वेळ. बॅग उघडली नाही, चपला काढल्या नाहीत. मेधानं विचारलं, "काय बघताय?" तर म्हणाली, "काही नाही. इथून बाग दिसत नाही." ती हे आनंदानं म्हणाली की कसं, ते अजून आमच्या घरात ठरलेलं नाही.

आईला तिथली थंडी पटली नाही. "आपल्याकडं असती तशीच हाय," ती म्हणाली. "पैसे कशाचे घेतात?" तिनं संध्याकाळी आवारात वाळकी पानं गोळा करून शेकोटी पेटवली. हॉटेलचा माणूस मना करायला आला आणि तिच्या शेजारी बसून शेकत राहिला.

रविवारी बोट. हंसाच्या आकाराची, पायांनी मारायची. मी, दादा, वहिनी आणि सई. आई आणि मेधा काठावर. दादाला नारिंगी जाकीट घालायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बुडायचं असतं तर आपली हीर काय वाईट होती?" पण घातलं. पांढरी टोपी, तपकिरी स्वेटर, वर नारिंगी जाकीट, पुढे हंसाची मान. ह्या चेहऱ्यासाठी मी दोनदा खोटं बोललो होतो. त्या पहिल्या दहा मिनिटांत तरी मला दोन्ही वसूल झाल्यासारखी वाटली. वहिनी हसत होती. पाय मारता मारता तिला हसू आवरत नव्हतं, आणि तिचं हसू बघून दादा पाय मारायचा थांबला होता. बोट आपली गोल फिरत होती.

मग ऊन चढलं. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, ज्याची लोक वाट बघतात तसलं. काठावर मेधानं स्वेटर काढून कमरेला बांधला. सईनं टोपी काढली. दादानं पाण्याला हात लावला, मग आभाळाकडे बघितलं. त्याच्या नखांच्या कडा गंधकानं पिवळ्या होत्या.

"ऊन तापलं आज," तो म्हणाला.

"छान वाटतंय ना?" मी म्हणालो.

"खालीबी असंच असंल." त्यानं ओला हात जाकिटाला पुसला. "असं तापलं तर शनवारपर्यंत मणी हरभऱ्याएवढा हुईल. मग कात्री कुठं घालायची?"

वहिनीचं हसू थांबलं. मला त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं. पण बोटीत खरं बोलू नये. उतरायला जागा नसते. मी जोरजोरात पाय मारायला लागलो, जणू काठावर जाऊन काही करता येणार होतं.

सोमवारी निघताना दादानं जाहीर केलं, "आलोच हाय इकडं, तर यमुनाबाईच्या पाड्यावरून जाऊ. जमत असलं तर आजच घिऊन जाऊ त्यांना. सगळ्या नाय तर चौघी तरी."

"रस्ता फार खराब आहे तिकडचा," मी म्हणालो.

"तू गेलता कधी?"

गेलो नव्हतो. फोनमधला नकाशा लावला. तो दाखवील तसं वळत गेलो, आणि अर्ध्या तासानं एका साठवण तलावाच्या काठाशी येऊन थांबलो. रस्ता सरळ पाण्यात जात होता. पलीकडच्या काठावर तो पुन्हा वर येऊन पुढे गेलेलाही दिसत होता. बगळे पाण्यात पाय सोडून उभे. तो तलाव फार सुंदर होता, हे म्हणण्याची ती वेळ नव्हती.

"मास्तर," दादा म्हणाला, "हा रस्ता पोहणाऱ्यांचा हाय का?"

मी मुद्दाम चुकलो असं मेधा आजही म्हणते. मी शपथेवर सांगतो, मी खरोखरच चुकलो. मुद्दाम चुकण्याइतकी अक्कल असती तर मुळातच ही वेळ आली नसती.

पाडा सापडला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कुडाच्या भिंतींची दहा-बारा घरं, सारवलेली अंगणं, आणि नको इतकी शांतता. दोन म्हातारी माणसं उन्हात बसलेली, बाकी दारं ओढून घेतलेली. मला तेव्हाच कळलं. रिकाम्या पाड्याचा आवाज कळायला भूगोल लागत नाही.

यमुनाबाईंच्या सासूनं आम्हाला ओळखलं. अंगणात घोंगडी टाकली, आधी पाणी दिलं (आईही मुकाट्यानं प्यायली), मग नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण. नको म्हणून ऐकेना. आम्ही जेवायला बसलो.

"यमुनाबाई कुठं गेल्या?" दादानं विचारलं.

"यमुना? ती तं कालच गेली. गाडी आली, समद्या बसल्या."

दादाचा हात ताटातच थांबला. "काल? शनवारचं ठरलंय ना आपलं? त्याआधी जमत नव्हतं म्हणे तिला."

"न जमाया काय झालं? दरसालावानी आता तुमची गाडी येईल म्हनून गाठोडं बांधून बसली व्हती की. तुमच्या मास्तरचा फोन आला, पुढल्या शनवारी या. मंग इतकं दिस घरी बसून काय करायचं बाबा? दुसऱ्याची गाडी दारात लागली, गेल्या."

नागलीची भाकरी कोरडी असते. मी पुढचा घास वरणात बुडवत राहिलो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असं मी म्हणणार होतो, पण तसं झालं नाही. कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. वहिनी ताटाकडे बघत होती. ते मला जास्त लागलं.

"कुठं गेल्या?" दादानं शांतपणे विचारलं.

"खाली. निफाडाकडं म्हनं, का गिरणाऱ्याकडं. मला काय ठावं?" फोन तिच्याच मांडीवर होता. घरात एकच, तो सून सासूजवळ ठेवून गेली होती. "शनवारी तुमच्याकडं जायाचं हाय म्हनत व्हती. पन काम धरल्यावर मधनं कोन सोडतो?"

"खरं हाय," दादा म्हणाला. त्यानंही आजवर कुठली टोळी कामातून मध्येच सोडली नव्हती.

त्यानं भाकरी संपवली. ताट धुऊन पालथं घातलं. म्हातारीच्या पाया पडला. मग माझ्यापुढे तळहात धरला. मी गाडीची किल्ली त्यावर ठेवली. परतीचा सगळा रस्ता त्यानं चालवला, आणि मला कबूल केलं पाहिजे की घाटात तो माझ्यापेक्षा बरा चालवतो. वाटेत सई म्हणाली, "पप्पा, तुम्ही खोटं बोललात?"

"गप गं," मेधा म्हणाली.

"विचारू दे तिला," आई म्हणाली.

गडाच्या पायथ्याशी गाडी थांबली नाही. आईनंही थांब म्हटलं नाही.

मंगळवारी सकाळी दादा वणीच्या मजूर बाजारात जाऊन रिकाम्या हातानं परत आला. सगळ्यांचे मणी एकाच वेळी ज्वारीएवढे होतात, त्यामुळे त्या दिवसांत कात्री धरणारा हात मोकळा सापडत नाही. मी शाळेत आजारी असल्याचं कळवलं. तिसरं खोटं. ह्या वेळी मात्र ते बागेच्या उपयोगी पडावं अशी आशा होती.

मग आम्ही सगळेच बागेत उतरलो. आई पालथ्या क्रेटवर बसून खालचे घड करायची. वहिनीचा हात सरावाचा होता, मेधा दुपारपर्यंत शिकली, सई संध्याकाळपर्यंत. दादा एकेका घडाशी उभं राहून मला सांगायचा, पोटातले काढ, कडेचे ठेव, हात लावू नको, डाग पडतो. मी मान डोलवायचो. पण कात्री आत घातली की प्रत्येक मणी दुसऱ्यासारखाच दिसायचा, हिरवा, गोल, निरपराध. कुणाला काढायचं? तीन मणी काढायचो आणि पुढच्या घडाकडे जायचो. शाळेत वरून आदेश येतात, कुणाला नापास करायचं नाही. माझ्या दोन ओळींत मी त्यांची अंमलबजावणी केली.

त्या चार दिवसांची थंडी मला अंगावर अजून आठवते. सकाळी दादा अंगणात उभा राहून तोंडातून वाफ सोडून बघायचा. दाट निघाली की काही न बोलता बागेकडे चालू लागायचा. विरळ निघाली तर चहा अर्धा सोडायचा. मीही खोलीत, खिडकीआड, वाफ सोडून बघायचो. ह्याआधी मी आयुष्यात कशासाठीही इतक्या मनापासून गारठलो नव्हतो. पोरांना मी किती वर्षं शिकवतोय, हवामानाचा पिकांवर परिणाम होतो. वाक्य बरोबरच आहे. फक्त ते वाचून कुणाचा चहा सुटत नाही.

रागावला असता तर बरं झालं असतं. दादा रागावला नाही. गुरुवारी दुपारी, वेलीच्या पलीकडून, मी दिसत नसताना, तो म्हणाला, "मला इचारलं असतं तर मी आलो नसतो."

"माहीत आहे," मी म्हणालो.

कात्री बराच वेळ वाजत राहिली.

"बोट बरी होती पण," तो म्हणाला. त्यानंतर त्यानं त्या प्रवासाचा विषय काढलेला नाही. वहिनीच्या फोनवर मात्र त्या हंसाचा फोटो अजून आहे. फोन दोनदा बदलला, फोटो नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आमचा हिशेब सरळ होता. चार दिवसांत सहा माणसांनी बागेचा एक कोपरा केला होता. मणी ज्वारी सोडून पुढे निघाले होते. आई म्हणाली, "होईल तेवढं होईल," आणि ते कुणालाच पटलं नाही, तिलाही नाही. दादा बांधावर बसून राहिलेल्या ओळींकडे बघत होता. उद्या येतील का, असं कुणी म्हटलं नाही. दादानं त्या दिवशी गाडीही पाठवली नव्हती. पाठवायची कुठं?

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्या वर्षी बाग निघाली. चांगली निघाली. फक्त दोन ओळींतले घड गच्च होऊन आतून फुटले, आणि ते व्यापाऱ्यानं उचलले नाहीत. त्या ओळी कुणाच्या, हे गावात फेब्रुवारीपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. पिंपळगावच्या सलूनमध्येसुद्धा.

शनिवारी सकाळी आम्ही कात्र्या घेऊन निघतच होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. टपावर गाठोडी, पातेली. यमुनाबाई पुढच्या सीटवरून उतरल्या. मागून बाकीच्या.

"तिकडचं काम?" दादानं विचारलं. त्याचा आवाज जरा चिरका आला.

"ऱ्हायलंय दोन दिसांचं. त्यास्नी आधीच सांगितलं व्हतं, शुक्रवारपतूरच हाय आमी. चिडला मालक. चिडू दे." त्यांनी पदराच्या गाठीतून कात्री काढली. "शनवार सांगितला व्हता ना तुमच्या मास्तरनं. मंग शनवारी आलो."

वहिनी चहा टाकायला आत वळली, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि सरळ बागेत शिरल्या. आम्ही सगळे मागून. त्या भराभर चालत होत्या, मध्येच एखाद्या घडाला बोट लावत होत्या. "बसंल," त्या दादाला म्हणाल्या. "थंडीनं राखलंय. पाच दिसांत करू." दादानं टोपी काढून पुन्हा घातली. आईच्या खालच्या घडांशी त्या थांबल्या, मान हलवली. सईचे दोन-चार घड बघून म्हणाल्या, "पोरीचा हात चांगला हाय."

मग माझ्या ओळी आल्या. त्या थांबल्या. एका घडाखाली बोट घातलं, उचलला, खाली सोडला. शेजारचा उचलला. तिसरा उचललाच नाही.

"ह्या कुनी केल्या?"

सईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

यमुनाबाईंनी मला टोपीपासून चपलांपर्यंत एकदा बघून घेतलं, घडाकडे बघतात तसं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी पोरंच शिकवा. पोरं काय, आपली आपन वाढतात."